अंगठ्याची जागा

रुमालाची गाठ सुटण्याआधीच, नुसत्या वजनावरून रंगनाथने ओळखलं की आत अबू राशिदचं पिस्तूल आहे. त्याने समोर उभ्या असलेल्या राशिदकडे पाहिलं. राशिदने मान खाली घातली आणि बाबा मंगळवारी गेले, एवढंच सांगितलं. दुकानाचे मॅनेजर सुरेश साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. रंगनाथ मात्र उभा होता तो स्टुलावर बसला.

अबू राशिद म्हणजे राशिदचा बाप. थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारायची ही इथली रीत, त्यामुळे म्हाताऱ्याचं खरं नाव काय, हे रंगनाथला बावीस वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. दोह्यातल्या या परवानावाल्या शस्त्रांच्या दुकानात तो मिस्त्री म्हणून आला तेव्हा त्याच्या हातात आलेलं पहिलं पिस्तूल हेच. साठ वर्षांपूर्वीचं, बेल्जियमचं, डोक्यापासून पायापर्यंत पोलादाचं. म्हातारा पोलिसातून निवृत्त झालेला. दर हिवाळ्यात मदिनत खलीफातल्या आपल्या घरून स्वतः गाडी चालवत यायचा, पिस्तूल तेलपाण्याला द्यायचा आणि समोरच्या स्टुलावर बसून राहायचा. येताना थर्मासमधून कहवा आणायचा, दोन कप आणायचा. दोघांच्या भाषेत जेमतेम पन्नास शब्द सामाईक असतील, पण त्यावर वीस हिवाळे आरामात निघाले. रंगनाथची बायको सत्यभामा गेली, तो गावाहून परत आला, तेव्हा म्हातारा उन्हाळ्यातच आला होता. पिस्तूल न घेता. तासभर नुसता बसला आणि उठून गेला. तेवढं रंगनाथच्या सख्ख्या भावालाही जमलं नव्हतं.

राशिदला पिस्तूल विकायचं होतं. परवाना पुढे चालवणारं घरात कोणी नाही, म्हणाला. सुरेश साहेबांनी भिंग लावून ते उलटंपालटं पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. साहेब मूळचे पुण्याचे, हिशेबाला पक्के, पण जुन्या पोलादापुढे त्यांचाही जीव पाघळायचा. हल्लीचं प्लास्टिकच्या अंगाचं पिस्तूल दुकानाची पायरी उतरलं की भावही उतरतो, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. हातात धरलं तर खेळण्यासारखं हलकं, सगळी एका साच्यातली, वापरा आणि टाका. जुन्या पोलादी पिस्तुलाचं तसं नाही. त्याचा एकेक भाग कुणीतरी कानशीने घासून दुसऱ्यात बसवलेला असतो. त्याला वजन असतं, ते हातात स्थिर राहतं आणि दरवर्षी भाव खातं. अट एकच, त्याचा मूळचा निळसर काळा ओप कोणी खरवडलेला नसावा. नव्याने ओप चढवला की पिस्तूल कितीही देखणं दिसो, जाणकार अर्ध्या किमतीला मागतात.

"याला हात लावायचा नाही, रंगनाथ," साहेब म्हणाले. "आहे तसंच ठेवायचं. हे बघा ना, हे सुद्धा."

त्यांनी उजव्या अंगाला बोट ठेवलं. तिथे बंद्या रुपयाएवढ्या जागेतला ओप झिजून पांढरं पोलाद उघडं पडलं होतं. रंगनाथला ती जागा डोळे मिटूनही सापडली असती. संध्याकाळी घरच्या बैठकीतले पाहुणे गेले की म्हातारा रिकामं पिस्तूल डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याने तिथे चोळत बसायचा. लोक जपमाळ ओढतात, तसं. पन्नास वर्षं.

राशिद गेल्यावर रंगनाथ म्हणाला, "साहेब, ह्ये मला एकदा नवं करायचंय."

सुरेश साहेबांना आधी थट्टाच वाटली. जुन्याला ओप चढवा म्हणणाऱ्या किती गिऱ्हाइकांना या रंगनाथनेच हात जोडून परत पाठवलं होतं. पण तो मान वर करीना. मागच्या हिवाळ्यात काय झालं ते त्याने अडखळत सांगितलं. कहवा पिता पिता म्हातारा म्हणाला होता, रंगा, एक बार इसको नया कर दे, पहला दिन जैसा. रंगनाथ हसला होता आणि म्हणाला होता, इन्शाल्ला, अगली ठंडी में. अगली ठंडी आली, तेव्हा म्हातारा नव्हता.

"म्हाताऱ्यानं बोलून ठिवलं हुतं, साहेब. ऱ्हायलंय माज्याकडनं."

किंमत निम्मी होईल, असं साहेबांनी परोपरीने सांगून पाहिलं. शेवटी त्यांनी राशिदलाच फोन लावला. बापाची इच्छा होती म्हटल्यावर कुठला मुलगा नको म्हणेल? तो म्हणाला, करा.

रंगनाथच्या या हट्टाच्या मुळाशी एक कावळा होता, आणि ते साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं. सत्यभामेच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला, आणि काही केल्या कावळा शिवेना. ऊन चढलं. जमलेल्या मंडळींनी एकेक कबूल करून पाहिलं. पोराचं लग्न थाटात करू, म्हशी विकणार नाही, माहेरची वाट मोडणार नाही. कावळा झाडावरून हलेना. सगळे रंगनाथकडे बघू लागले, की बाबा, नवरा तू, तुला ठाऊक असेल. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात मोजून दोन वर्षंसुद्धा तो घरात राहिला नव्हता. शेवटी त्याचा मुलगा शिवराज पुढे झाला आणि म्हणाला, "आई, घराला रंग देतो." कावळा खाली आला.

इच्छा खरीच होती. फोनवर बोलताना सत्यभामा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायची, रोज त्याच जागी. तिच्या डोक्याच्या तेलाने तिथे भाकरीएवढा काळपट डाग पडला होता. व्हिडिओवर तिच्या चेहऱ्यामागे तो दिसायचा आणि रंगनाथ तिला चिडवायचा, की तू नसलीस तरी मला कळतंय कुठं बसतीस ते. ती म्हणायची, "आवं, तुमी या, मग रंग दिऊ की." वर्षश्राद्धाला तो गेला तेव्हा शिवराजने सगळं घर रंगवून काढलं होतं. स्वयंपाकघराची भिंत पिस्त्याच्या रंगाची, गुळगुळीत, कोरी. रंगनाथ तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. त्याला ओरडावंसं वाटत होतं. पण कावळा त्याच बोलीवर शिवला होता, आणि पोराने दिलेला शब्द पाळला होता. मग त्याने पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बेस झालं."

आता अबू राशिदची इच्छा तर त्याने स्वतःच्या कानांनी ऐकली होती. ती राहू देणं त्याच्याने होईना. माणसाला आपल्या भिंतीवरचा डाग कळतो, दुसऱ्याच्या नाही.

त्याने चार दिवस घेतले. एकेक भाग सुटा केला, आधी जाड मग बारीक पॉलिशपेपरने हातानेच घासला, मशीनला लावला नाही. अंगठ्याची जागा सगळ्यात शेवटी घेतली. तिथे पोलाद किंचित खोलगट झालं होतं, त्यामुळे आजूबाजूचंही तेवढंच उतरवावं लागलं. मग ओप चढवला. पिस्तूल तयार झालं तेव्हा सुरेश साहेबांनीसुद्धा भिंग काढून ते पुन्हा पुन्हा न्याहाळलं. कालच कारखान्यातून आल्यासारखं होतं ते. रंगनाथने डोळे मिटले आणि मनात म्हणाला, शिवला असंल आता कुठंतरी कावळा.

रविवारी तसनीम आली. अबू राशिदची धाकटी मुलगी, अल दुहैलच्या एका शाळेत शिकवणारी. लहानपणी सांभाळायला हिंदी बोलणारी बाई होती, तिच्याकडूनच ती भाषा शिकलेली. हातात कागदांची फाईल होती. तिने भावाशी भांडून विक्री थांबवली होती. परवाना ती स्वतःच्या नावावर करून घेणार होती, जन्मात गोळी झाडायची नसताना. बापाचे कपडे वाटून झाले, घड्याळ राशिदने घेतलं, तिला एवढं एकच हवं होतं.

रंगनाथने अभिमानाने पिस्तूल तिच्यापुढे ठेवलं. तिने ते उचललं आणि उजवी बाजू पाहिली. मग डावी पाहिली. मग पुन्हा उजवी. तिचा अंगठा त्या काळ्याभोर पोलादावरून हळूहळू फिरत राहिला, अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसा.

"बाबा का हाथ किधर गया?" तिने विचारलं.

साहेब काहीतरी बोलायला लागले, पण रंगनाथने त्यांना हाताने थांबवलं. "मैंने निकाला, मॅडम," तो म्हणाला. मग म्हातारा काय म्हणाला होता, आपण काय शब्द दिला होता, ते सगळं त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"वो तो हर साल बोलते थे," ती म्हणाली. "राशिद को भी, मेरे को भी. नया करवाऊंगा. फिर यहां से घर आके हंसते थे. बोलते थे, रंगा नहीं करेगा. रंगा को मालूम है."

लहान असताना ती बापाच्या मांडीवर बसून त्याच्या अंगठ्याखाली आपला अंगठा सरकवायची, असं तिने सांगितलं. मग पिस्तूल नीट रुमालावर ठेवलं, फाईल उचलली आणि ते आता विकून टाका म्हणाली. दारापाशी जाऊन ती मागे वळली. त्याचा पडलेला चेहरा तिला बघवला नसावा.

"काम अच्छा है," ती म्हणाली. "शुक्रन."

हे वाक्य रंगनाथच्या ओळखीचं होतं. त्याने स्वतःच ते कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून पोराला म्हटलं होतं. ते म्हणताना आत काय होतं, हे त्याच्याइतकं त्या दुकानात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. त्याला रडू आवरेना. तो मागच्या खोलीत गेला आणि पॉलिशपेपरचे वापरलेले तुकडे टाकलेला डबा उघडून बघत बसला. तळाशी काळी भुकटी होती. त्यातली म्हाताऱ्याची कुठली, हे ओळखायचा काही उपाय नव्हता.

पिस्तूल काचेच्या कपाटात गेलं. लोक येतात, देखणं आहे म्हणतात, आणि नवा ओप आहे कळल्यावर दुसरं बघू लागतात.

शुक्रवारी सकाळी रंगनाथच्या नजमा भागातल्या खोलीत किसनने रंगकाम काढलं. किसन बीडकडचा, गाडी चालवणारा, बारा वर्षांपासूनचा खोलीसोबती. घरमालकाने फुकट रंग दिला होता. तीन भिंती झाल्या तेव्हा रंगनाथ आपल्या कॉटवर चौथ्या भिंतीला टेकून शिवराजशी व्हिडिओवर बोलत होता. पाऊसपाणी झालं, म्हशीचं झालं. मग त्याने विचारलं, स्वयंपाकघरातल्या भिंतीचा रंग खरवडला तर खालचा डाग निघेल का.

शिवराजने मान हलवली. "न्हाई तात्या. पुट्टी भरायच्या आधी घासून काडला हुता." मग म्हणाला, "तुमी तवा बोलला न्हाईसा."

"तू बेसच केलंतंस," रंगनाथ म्हणाला. "आईचंच बोलनं हुतं ते."

पोराला वाईट वाटू नये म्हणून तो जरा हसला, आणि हसताना त्याचं डोकं भिंतीपासून सुटलं.

"तात्या, तुमच्या मागं भिंतीला कसला डाग पडलाय वो?" शिवराज म्हणाला. "रंग दिऊन घ्या की."

रंगनाथने फोनच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत पाहिलं. त्याच्या पांढऱ्या केसांमागे भाकरीएवढा, काळपट, तेलकट गोल होता. रोज रात्री तो तिथेच टेकून सत्यभामेशी बोलायचा. किसन ब्रश घेऊन कॉटपाशी येऊन उभा होता, म्हणाला, "तात्या, सरका थोडं. एवढीच राहिली."

"असू दे," रंगनाथ दोघांनाही म्हणाला, आणि डोकं परत तिथेच टेकवलं.