तानाबाईच्या नावावर

मी एक पासपोर्ट. गडद निळ्या पुठ्ठ्याचा, अंगावर सोनेरी सिंहांची मुद्रा. एकोणीसशे त्रेपन्न साली मुंबईच्या कचेरीत माझा जन्म झाला आणि माझ्या पहिल्याच पानावर एक बाई राहायला आली. तानाबाई, मुक्काम निघोजे, चाकणजवळ, वय सव्वीस.

तिचा नवरा सयाजी लढाईत मोटार दुरुस्तीला गेला, तो आफ्रिकेतच राहिला. दक्षिणेकडच्या न्यासालँड नावाच्या इंग्रजांच्या मुलखात, लिंबे गावी त्याला काम लागलं होतं. सुट्टीवर एकदाच आला, तेवढाच तिचा संसार. शेवटी त्यानं खटपट करून तिच्यासाठी प्रवेशाचा परवाना मिळवला. त्या मुलखात नवऱ्यामागं एकच बायको येऊ देत. परवान्यावर तिचं नाव, आणि सहा महिन्यांची मुदत.

माझ्यावर सही हवी म्हणून तानाबाई अक्षरं शिकली. धाकटी, बिनलग्नाची बहीण शकू माहेरून, भोसरीहून यायची. ती चौथी शिकलेली. पाटीवर तिनं वळण घालून द्यायचं आणि तानाबाईनं ते गिरवायचं. मला हात लावण्याआधी तानाबाई हात धुवायची. एवढा मान मला पुन्हा कुणी दिला नाही.

देवीची लस टोचून झाली. वाटेतल्या बेइरा बंदरातून जायला तिथल्या पोर्तुगीजांचा शिक्का मिळाला. कस्टमसाठी दागिन्यांची यादी टाईप होऊन आली. राहिला डॉक्टरचा दाखला. पुण्याच्या डॉक्टरनं तिची पापणी उलटी करून पाहिली.

"खुपऱ्या आहेत. असे डोळे घेऊन गेलात तर बंदरातूनच परत पाठवतील. चार महिने मलम घाला, बऱ्या होतील."

परवान्याचे अडीच महिने उरले होते.

मोठा दीर हिंदुराव यानं सयाजीला कळवलं. उत्तर आलं, ते त्यानं सगळ्यांदेखत वाचलं. 'परवाना पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. तानीला जमत नसेल तर तिच्या नावावर शकूला धाडा. ती शिकलेली आहे.'

चुलीपुढं बसलेली तानाबाई उठली. सासूला, आक्काबाईंना म्हणाली, "आत्याबाई, चार म्हैन्याचीच तर गोष्ट हाय."

आक्काबाई म्हणाल्या, "तू थांबशील. परवाना थांबतोय व्हय?"

मग तानाबाईनं बापाकडं निरोप धाडला. बाप भोसरीहून आला, हिंदुरावाशी ओसरीवर बोलत बसला आणि जाताना लेकीला म्हणाला, "घर एकच हाय. दोघी नांदा. तुझं काय बिघडतंय?"

मला मुंबईला एका दलालाकडं नेलं. त्यानं माझ्या पानावरून तानाबाईचा चेहरा सोलून काढला आणि तिथं शकूचा चिकटवला. खाली नाव तेच, सही तीच. मला तोंड असतं तर तिथंच ओरडलो असतो.

निघायच्या दिवशी हिंदुराव यादी घेऊन पेटी तपासत होता. "यात सोन्याचं डोरलं लिवलंय. कस्टमवाला इचारंल."

आक्काबाईंनी हात पुढं केला. तानाबाईनं तो हात पाहिला, पण त्यावर काही ठेवलं नाही. गळ्यातलं काढून स्वतःच शकूच्या गळ्यात घातलं.

शकू रडायला लागली. "ताई, मी न्हाई जाणार."

"जा. आन नाव इचारलं की अडखळू नको. अडखळलीस तर दोघींचंबी जाईल."

बोटीवर शकू ते नाव पुटपुटत राहिली. लिंबेला गोऱ्या अधिकाऱ्यानं पेटी उपसली. हळदीची पुरचुंडी आणि आंब्याच्या कोया फेकून दिल्या. यादीतल्या डोरल्यापुढं खूण केली. दुभाष्यानं नाव विचारलं.

"तानाबाई सयाजी."

सही करायला सांगितली. शकूचंच वळण ते, माझ्यावरच्या सहीशी हुबेहूब जुळलं. अधिकाऱ्यानं माझ्यावर शिक्का हाणला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

सयाजी घरात तिला तानीच म्हणायचा. "सवय राहू दे. शेजारी ऐकतात," म्हणायचा. मुलगी झाली, तेव्हा आईच्या नावापुढं तानाबाई लिहिलं. मी त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, गावाकडून आलेल्या पत्रांसोबत पडून असे. शकू दुपारी एकटी असली की ती पत्रं काढून हळू आवाजात वाची. त्यातून मला पुढचं कळत गेलं.

तानाबाईचे डोळे चार महिन्यांत बरे झाले. ती एकटी मुंबईच्या कचेरीत दुसरा पासपोर्ट मागायला गेली. तिथल्या कारकुनानं रजिस्टर उघडलं. "या नावाची बाई बोटीनं गेली. तू कोण?" ती आल्या पावली निघाली. खरं सांगितलं असतं तर बहीण तुरुंगात गेली असती. तानाबाई गावी परत आली तर आक्काबाईंनी दाराआडून विचारलं, "आता हितं तुझं काय?" बापानं तिला शकू म्हणून घरात ठेवून घेतलं. पिंपरीला कारखान्याची इमारत चढत होती. तिथं ती पाट्या वाहायला जाऊ लागली. हजेरीवर नाव शकू.

अठ्ठावन्न साली माझी मुदत सरली. कचेरीत माझा कोपरा कापला आणि शकूला त्याच नावाचा नवा पासपोर्ट दिला. त्याच महिन्यात बापाचं पत्र आलं. तानाबाई विषमज्वरानं गेली. पोलीस पाटलानं मृत्यूच्या नोंदीत शकू, बिनलग्नाची, असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार? तानाबाई तर आफ्रिकेत नांदत होती.

शकूनं पत्र सयाजीपुढं ठेवलं. वाचून त्यानं ते घडी करून पेटीत टाकलं. मग म्हणाला, "सुतक धरायचं म्हटलं तर शेजारी विचारतील. कोण गेलं म्हणून सांगायचं?"

शकू मुलीची वेणी घालत होती. वेणी सोडून ती म्हणाली, "शकू गेली म्हणून सांगा. खोटं न्हाई ते."

आता मी रद्द झालोय. कुणी मला उघडत नाही. तुमच्या हातात कधी असा कागद आला आणि त्यावर कुणाचं नाव असलं, तर शिक्का मारण्याआधी त्या माणसाच्या तोंडाकडं एकदा नीट बघा. माझ्याकडं सगळ्यांनी बघितलं. तानाबाईकडं कुणी बघितलं नाही.