पोत्याच्या तोंडचं सोयाबीन

जवळ्याच्या बाजारात संतराम सोयाबीन घेऊन आला, की व्यापारी परखी, म्हणजे पोत्यात खुपसून नमुना काढायची ती पोकळ सळई, उचलायचा आणि गालात हसायचा. चांगलं सोयाबीन संतराम पोत्याच्या तोंडाशी भरतो, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. संतराम मात्र ते आपलं गुपित समजून होता.

त्याच्या बायकोच्या, नर्मदाबाईच्या, डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. हिंगोलीच्या डॉक्टर अंजुम म्हणाल्या, "गाठ दिसते, पण कसली ते फोटोवरून कळत नाही. जागा बधिर करून सुईनं तुकडे काढू, तपासायला पाठवू."

संतरामनं ट्रेमधली सुई बघितली. लहानशी परखीच ती! त्यानं डॉक्टरांना दाराशी गाठलं.

"बाई, तुकडा जरा चांगल्या बाजूचा घ्या. म्हंजी रिपोट चांगला यील."

"काका, आपल्याला काय विकायचंय? मला गाठीतलाच पाहिजे. तोही चार-पाच ठिकाणचा."

"पाच? व्यापारी बी एकदाच खुपसतो!"

आतून नर्मदाबाई ओरडली, "घ्या वो बाई, लागल तितकं! मी काय ह्यांनी भरलेलं पोतं न्हाई!"

रिपोर्ट येईपर्यंत संतरामनं तिला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. भाकरी तोच थापायचा. नर्मदाबाई ती खायची, त्यामुळे तिच्या धीराबद्दल कुणाला शंका उरली नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी कागद वाचला. "साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी दाखवायला या."

"गाठीच्या तळाशी बी न्हाई?" संतरामनं विचारलं.

"पाचही तुकड्यांत नाही, काका."

संतरामनं रुमालानं तोंड पुसलं. त्यात डोळेही आले.

"बघा," नर्मदाबाई म्हणाली, "तळापस्तोर एकसारखा माल. शिका जरा."

"शिकलो गं, शिकलो."

बाजाराच्या आदल्या दिवशी तो पोतं भरायला बसला. चांगल्या ढिगावर त्याचा हात थबकला. मग त्यानं तो ढीग नेहमीसारखा वरच ओतला.

"आता काहून?" नर्मदाबाईनं विचारलं.

"अगं, व्यापारी कुठं पाच ठिकाणी बघून राहिला?"

ती हसली आणि शिवायला सोपं जावं म्हणून तिनं पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी आवळून धरलं.