वाऱ्याकडे तोंड

दानेश्वरीचं पत्र गणपतराव मास्तरांनी नऊ वर्षं शब्दकोशात जपून ठेवलं होतं. उत्तर मात्र दिलं नव्हतं. गडहिंग्लजहून आलेलं ते आंतरदेशीय त्यांना पाठ झालं होतं. 'सर, नववीच्या चाचणीत मी लिहिलं होतं, विमान उडताना वाऱ्याकडे तोंड करतं. तुम्ही चूक दिलीत. आता कॉलेजचं पुस्तक माझ्यासारखंच सांगतंय. मी पुस्तकाचं ऐकू की तुमचं?'

मास्तर वर्गात सायकलचं उदाहरण द्यायचे. पाठीवर वारा असला की सायकल पळते, तसंच विमानाचं. पत्र आल्यावर त्यांनी ग्रंथालयात चार पुस्तकं उघडली. पंखांवरून हवा जितक्या वेगाने जाईल तितकं विमान वर उचललं जातं, आणि समोरचा वारा त्या वेगात आपली भर घालतो. चारही पुस्तकं पोरीच्या बाजूची. उत्तर लिहायला बसलं की सव्वीस वर्षांचे वर्ग डोळ्यांपुढे उभे राहायचे, आणि कोरा कागद परत खणात जायचा.

२००३च्या जानेवारीत त्यांच्या पत्नीने, शालूबाईंनी, हट्ट धरला, जवळून विमान बघायचं. दोघं उजळाईवाडीला विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभी राहिली. पलीकडच्या गुऱ्हाळाचा धूर पूर्वेकडून येत होता. एक लहान विमान हळूहळू पश्चिमेच्या टोकाला गेलं, वळलं आणि धुराच्या दिशेने धावत सुटलं. बघता बघता चाकं सुटली.

"बगळ्यावाणी उठलं की," शालूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अवं, बगळा वाऱ्याकडं तोंड करूनच उठतोय. उसाच्या पाटावर किती बघितल्यात. तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?"

मास्तर म्हणाले, "नव्हतं. आणि सव्वीस वर्षं उलटंच शिकवलं."

"मग सांगा की ज्याला शिकवलं त्याला."

एवढंच बोलून त्या पिशवीतले शेंगदाणे सोलू लागल्या. मास्तरांना वाटलं होतं, आभाळ कोसळेल. तसं काहीच झालं नाही.

घरी आल्यावर त्यांनी लिहिलं, 'चि. दानेश्वरी, तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती, आणि ती कबूल करायला उशीर केला ही दुसरी चूक. पुस्तकाचं ऐक. तुझा माझ्यावरचा विश्वास इतके दिवस जड वाटला, म्हणून लिहिलं नाही.' पोरगी आता सासरी असेल. माहेरच्या पत्त्यावरून तरी पोचेल.

दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या लाल पेटीत त्यांचा हात मनगटापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"हात अडकला व्हय?" मागून शालूबाईंनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी बोटं उघडली.