मोठी अक्षरं

नांदूरघाटात गहिनीनाथांच्या नजरेचा डंका होता, आणि तो पिटणारेही बहुतेक वेळा गहिनीनाथच. वय पासष्ट, पण एसटीची पाटी लांबून वाचायचे आणि चष्मेवाल्या सोबत्याला विचारायचे, "काय बे, नाकावर सायकल घेऊन कुठं निघालास?" लांबचं त्यांना खरंच दिसे. जवळचं अंधुक झालं होतं, पण तेवढं हिशेबात धरायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

घरात कॉम्प्युटर आला तो सून स्वप्नालीसाठी. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरी बसून करायची. दुपारी ती स्वयंपाकघरात गेली की गहिनीनाथ खुर्चीत बसून कापसाचे भाव बघत. कंट्रोलचं बटण दाबून माउसचं चाक फिरवलं की अक्षरं फुगतात, हे त्यांना सापडलं होतं. वाचून झालं की तसंच सोडून उठायचे. सून रोज मुकाट्यानं ती लहान करायची. बोलत नाही म्हणजे तिला कळत नाही, असा त्यांचा सोयीचा समज.

त्या दिवशी बातम्या मोठ्या झाल्या, पण वरची बटणं बारीकच राहिली. मग त्यांनी सेटिंग उघडून सगळा पडदाच मोठा केला. कॉम्प्युटरनं विचारलं, आता साइन आउट करायचं का? गहिनीनाथांनी रुबाबात 'हो' दाबलं. स्वप्नालीचं सकाळपासूनचं काम सेव्ह व्हायचं राहिलं होतं, ते सगळं गेलं.

संध्याकाळी तिचा नवरा तानाजी स्क्रीनपुढं वाकला. "जोंधळ्याच्या कणसाएवढी अक्षरं! कुणी केली?"

सुपारी कातरता कातरता गहिनीनाथांचा अडकित्ता थांबला.

"मीच," स्वप्नाली म्हणाली. "बारीक दिसंना झालंय."

गहिनीनाथांना हायसं वाटलं. ते हायसं वाटणंच नंतर सगळ्यांत जास्त बोचलं. कारण त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, ते वाक्य वरच्या वर झेललं.

"दिसंना? लग्नाला वरीस न्हाई झालं. म्हंजी आधीचंच दुखणं हाय. बापानं लपवून दिली पोरगी."

"आई, राहू दे की," तानाजी पुटपुटला.

"कामून राहू दे? इचारते ना त्यांनाच." त्यांनी सुनेच्या माहेरी, शिरूर कासारला फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला.

स्वप्नालीनं मान खाली घातली. सासऱ्याकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना निदान रागावता तरी आलं असतं.

"बोला, विहीणबाई," पलीकडून तिचे वडील राधाकिशन म्हणाले.

"तुमच्या पोरीच्या डोळ्याचं..."

"अक्षरं मी मोठी केली," गहिनीनाथ म्हणाले.

"काय म्हणले व्याही? ऐकू न्हाई आलं."

मग दुसऱ्यांदा सांगावं लागलं, फोनपाशी तोंड नेऊन. "मला जवळचं दिसत न्हाई. लई दिवस झाले. पोरीचं आजचं काम बी माझ्यामुळंच गेलं. तिचे डोळे चांगले हायेत."

वच्छलाबाई नवऱ्याकडं बघतच राहिल्या. तानाजीनं भिंतीकडं तोंड केलं.

पलीकडून राधाकिशन हळूच म्हणाले, "मग पोरीनं स्वतःवर कामून घेतलं, व्याही?"

गहिनीनाथांना उत्तर चांगलं ठाऊक होतं. फोन सुनेच्या हातात देऊन ते ओसरीवर जाऊन बसले.