ज्येष्ठ पुरुष, क्रमांक तीन

आमच्या सानिकाला पोहण्याचा पहिला डिप्लोमा मिळाला त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे २०२२. इथे नेदरलँड्समध्ये पोरांना अंगावरच्या कपड्यांनिशी, बुटांसकट पाण्यात उतरवतात आणि मगच तो कागद देतात. कालव्यात पडणारं पोर काही पोहण्याचे कपडे घालून पडत नाही, हे त्यांचं म्हणणं. मी काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत जीव मुठीत धरून बसले होते. शेजारी माझी सून मंजूषा मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करत होती. पडद्यावर एका विहिरीचा फोटो होता.

"कुठली गं विहीर?"

"इथिओपियाची. ओरोमो म्हणून लोक आहेत ना, त्यांच्या इतिहासावर आणि भाषेवर एक संशोधनपत्रिका निघते. पानं लावायचं काम मला मिळालंय."

"ओरोमोंतल्या बोराना लोकांची का?"

मंजूषाने मान वर केली. "आई, हे तुम्हाला कसं माहीत?"

"माझा मित्र आहे तिथला. तू विचारलंस कधी?"

मंजूषा नवऱ्याच्या व्हिसावर या देशात आली आणि आता घरी बसून प्रकाशकांसाठी पुस्तकांची, पत्रिकांची पानं लावते. माझा मुलगा विश्वास इथे वाखनिंगनला बियाण्यांच्या कंपनीत आहे. मी सिन्नरची. जन्मभर विड्या वळल्या, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर विडी कामगारांच्या रात्रीच्या वर्गात अक्षर ओळखायला शिकले. या देशात आल्यावर दुसरी लिपी, दुसरी भाषा. त्यासाठी दर मंगळवारी गावच्या वाचनालयात एक टेबल मांडतात. परदेशी माणसांनी तिथे बसून डच बोलायचं, कॉफी प्यायची आणि घरी जायचं.

त्या टेबलावर माझ्या शेजारी गुयोभाऊ बसत. ऐंशीला टेकलेले, उंच, वाळलेले. इथे येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती. वाचायला तेही इथेच शिकले, पन्नाशीनंतर. आम्हा दोघांच्याही हातात पाटी आली तेव्हा डोळ्यांवर चष्मा होता. ते मला 'हाधा विश्वास' म्हणत. त्यांच्याकडे बाईला तिच्या पोराच्या नावाने हाक मारतात. मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच, विश्वासची आई. तेव्हापासून आमचं जमलं.

दोघांचीही डच मोडकी. तरी त्यांच्या गावच्या विहिरी मी बघून आल्यासारख्या ओळखत होते. खोल विहीर. आत शिडीवर एकावर एक माणसं उभी. खालच्याने बादली भरून वर द्यायची, त्याच्या वरच्याने त्याच्या वरच्याला, गाणं म्हणत म्हणत. वर गुरं थांबलेली. कुणाचा कळप कधी प्यायचा ते ठरवायला एक माणूस नेमलेला. "आणि इथे बघ," खिडकीतून कालव्याकडे हात करून ते म्हणत, "पाणी नको म्हणून पंप लावून बाहेर फेकतात. माझ्या बापाला सांगितलं असतं तर त्याने मला खोटारडा म्हणून घराबाहेर काढलं असतं."

या विहिरींचा इतिहास त्यांच्या तोंडून उतरवून घेतला होता लेंसाने. लेंसा ओरोमोच, जन्माने इथली. इथल्या विद्यापीठात पाण्याच्या विषयात पीएच.डी. करत होती. सबंध हिवाळा ती त्यांच्या घरी जाऊन रेकॉर्डिंग करत होती. गुयोभाऊंची सांगण्याची एक रीत होती. मीही ती ऐकली होती. आधी म्हणायचं, मी गुयो, दीदाचा मुलगा, हलाकेचा नातू. हे मला दीदाने सांगितलं. दीदाला हलाकेने सांगितलं. ही विहीर बुजली होती ती पुन्हा खोदली तेव्हा हलाके शिडीच्या शेवटच्या पायरीवर होता. एवढं झालं की मगच विहीर. मध्ये कोणी तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून.

त्यांच्या तरुणपणी त्यांच्या भाषेत छापायला सरकार देत नव्हतं. आता त्यांचं सांगणं त्यांच्याच भाषेत, शेजारी इंग्रजीत, मंजूषा लावत होती त्याच पत्रिकेत छापून येणार होतं. तो अंक ते भाच्याकडे गावी पाठवणार होते. दर मंगळवारी विचारत, "हाधा विश्वास, तुझी सून किती पानांपर्यंत आली?"

पानं तपासायला मंजूषा ती कागदावर छापून घेते. एक दिवस तो गठ्ठा जेवणाच्या टेबलावर होता. मी चष्मा लावून बसले. भाषा कळत नव्हती, पण जी-यू-वाय-ओ ही चार अक्षरं मला शोधता येत होती. सगळी पानं उलटली. दीदा सापडला. हलाकेही सापडला. गुयो कुठेच नाही.

"मंजूषा, नाव राहिलंय."

"कुणाचं?"

"गुयोभाऊंचं."

तिने पानावर बोट ठेवलं. "हे काय. ज्येष्ठ पुरुष, क्रमांक तीन."

"हे नाव आहे?"

"आई, नियम असतो. मुलाखत देणाऱ्याची ओळख छापायची नाही. प्रायव्हसी. त्यांच्या सुरक्षेसाठीच आहे ते."

"त्यांनी मागितली सुरक्षा?"

"मी फक्त पानं लावते हो! मला कशाला धरताय?"

"मीही फक्त विड्या वळत होते. बंडलावर फोटो मालकाचा."

"तुमच्या विड्या कोणी नाव वाचून ओढत नव्हतं, आई."

"म्हणूनच म्हणतेय. त्या धुराला नाव नसलं तरी चालतं."

कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच लेंसाला फोन केला.

लेंसा आमच्या घरी आली, गुयोभाऊंना घेऊन. मी चहा ठेवला. लेंसाने सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं आणि मग आमच्यासाठी डचमध्ये. मुलाखती घेण्याआधीच विद्यापीठाच्या एका समितीकडून परवानगी काढावी लागते. त्या अर्जात लिहून दिलं होतं की कुणाचंही नाव छापणार नाही. तसं लिहिल्याशिवाय परवानगी मिळतच नाही, असं तिच्या मार्गदर्शकाने सांगितलं होतं. तेव्हा ती गुयोभाऊंना भेटलीसुद्धा नव्हती.

"म्हणजे मला न विचारता वचन दिलं?" गुयोभाऊ म्हणाले.

"तुमच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून, अब्बा."

"माझ्या जिवाला? कोण येणार आहे? येऊ दे. कॉफी देईन."

आम्ही सगळे हसलो, तेही हसले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "मुली, पाण्यावरून भांडण झालं की आमच्याकडे बैठक बसते. एक माणूस उठून सांगतो, ही विहीर अमक्यांची. पहिला प्रश्न काय विचारतात? तू कोण, आणि तुला कोणी सांगितलं. तो म्हणाला, मी क्रमांक तीन, तर त्याला उन्हात बसवतील. शिडीवरचा एक माणूस काढलास तर बादली कुणाच्या हातात देशील? पडेल ती. खाली बाप उभा आहे, आजा उभा आहे."

लेंसाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मी पुन्हा अर्ज करते.

जूनमध्ये अर्ज गेला. जुलै-ऑगस्ट या देशात कुणीच जागेवर नसतं. ईमेल केला की आपोआप उत्तर येतं, मी सुट्टीवर आहे. समितीत पाच जण. एक परत येई तोवर दुसरा जाई. मंजूषाने पत्रिकेच्या संपादकांना लिहिलं. ते म्हणाले, समितीने परवानगी दिली तर आमची हरकत नाही. समिती म्हणाली, पत्रिकेचं धोरण काय आहे ते आधी कळवा. मला तर वाटायला लागलं की हे दोघं एकमेकांच्या समोरासमोर बसून एकमेकांना पत्रं लिहितात.

एका मंगळवारी मी चिडून म्हटलं, "गुयोभाऊ, मीच जाते त्या ऑफिसात आणि बसते दारात."

"जाऊ नकोस. तुला क्रमांक चार करतील."

तेव्हा त्यांना खोकला सुरू झाला होता. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला घरचा डॉक्टर, नेहमीप्रमाणे पॅरासिटमॉल घ्या म्हणाला. सप्टेंबरात मोठ्या दवाखान्यात पाठवलं तेव्हा फुप्फुसात गाठ निघाली.

त्याच महिन्यात समितीचं उत्तर आलं. लेंसाने ते आमच्या टेबलावर वाचून दाखवलं. मजकूर सभ्य होता. आम्हाला तुमच्या भावना समजतात, असं सुरुवातीला. आधी गोळा केलेल्या माहितीबाबत दिलेलं वचन बदलता येत नाही, असं मध्ये. आणि शेवटी एक ओळ: हा नियम हयात व्यक्तींना लागू असल्याने दीदा आणि हलाके या मयत व्यक्तींच्या नावांबाबत समितीचा आक्षेप नाही.

मंजूषाने कपाळावर हात मारला.

गुयोभाऊंनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "सोपं आहे की! लिहून टाक, मेला."

"अब्बा!"

"का? मी काही बोलणार नाही. मेलेला कशाला बोलेल?"

कोणी हसलं नाही. लेंसाने पत्राची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. मग तिने आणखी एक मार्ग शोधला. त्यांना लेखाचा सहलेखक करायचं. लेखकाचं नाव कोणी लपवत नाही. संपादक तयार झाले. तिच्या मार्गदर्शकाने नाही म्हटलं. हा लेख तिच्या प्रबंधाचा एक भाग होता, आणि ज्याची मुलाखत घेतली तोच लेखक झाला तर मुलाखत पुरावा म्हणून धरता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. यात कुणी वाईट माणूस नव्हता, हेच मला जास्त लागत होतं. प्रत्येक जण आपापल्या खुर्चीत बसून नीटच वागत होता. भांडायचं तरी कुणाशी?

भांडले मी सुनेशी. नोव्हेंबरात अंकाची शेवटची फाइल तिच्याकडे आली.

"तुझ्याच हातात आहे ना आता? घाल ते नाव. कोण बघतंय?"

"आई, असं चोरून नाही घालता येत."

"का? काम जाईल म्हणून?"

"हो, जाईल! इथे येऊन पाच वर्षं मी नुसती विश्वासची बायको होते. खेमेन्तेच्या कागदावरसुद्धा तसंच होतं. हे काम माझ्या नावावर आहे."

खेमेन्ते म्हणजे इथली नगरपालिका. तिथे तिच्याबरोबर मीच जात असे, मला ते कागद आठवत होते.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आभाराच्या परिच्छेदात घालू. लेंसाला विचारून, उघडपणे. श्री. गुयो दीदा हलाके यांचे आभार. बास. आभार मानायला कुणाची परवानगी लागते?"

लागत होती. छपाईआधी कुणीतरी ते समितीला दाखवलं. उत्तर एका दिवसात आलं, एरवी महिने लावणाऱ्यांकडून. वडील आणि आजोबा यांची नावं लेखात असल्यामुळे आभारातल्या नावावरून क्रमांक तीन कोण ते ओळखता येईल. तरी ते काढावे. मंजूषाने स्वतःच्या हाताने काढलं. लॅपटॉप मिटला आणि सानिकाला विनाकारण ओरडली. सानिका डचमध्ये म्हणाली, "पण सगळ्यांना माहितीये ना, ते गुयो आजोबाच आहेत ते!"

जानेवारीत छापील अंक आला. लेंसा आणि मी तो घेऊन गुयोभाऊंकडे गेलो. ते खाटेवर बसले होते, नाकाला नळी. विहिरीचा फोटो बराच वेळ बघितला. मग आपल्या भाषेतला मजकूर बोट ठेवून वाचला. मीही तशीच वाचते, बोट ठेवून.

"चांगलं लिहिलंय," ते लेंसाला म्हणाले. "शब्द माझेच आहेत. हे क्रमांक एक आणि दोन कोण?"

"ते दोघं दुसऱ्या भागातले आहेत, अब्बा. गुरांबद्दल सांगितलं त्यांनी."

"बोराना?"

"सांगता येत नाही मला."

"बरं." त्यांनी अंक मिटून तिच्याकडे परत दिला. "हा गावी पाठवू नकोस."

"का हो?" मी विचारलं. "वर्षभर वाट बघितलीत ना?"

"भाचा गाव जमवून शाळेत वाचून दाखवेल. म्हातारे विचारतील, बोललं कोण? काय सांगेल तो, तीन?"

लेंसा तिथेच अंक हातात धरून उभी राहिली. मी तिला खाली बसवलं. गुयोभाऊ तिच्याशी बराच वेळ त्यांच्या भाषेत बोलत होते. मला कळलं नाही, पण आवाजात राग नव्हता. राग माझ्यात होता.

पुढचं सांगायला फारसं नाही. मार्चमध्ये पत्रिकेकडून लेंसाला ईमेल आला. आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत. आता नाव घालण्यास अडचण नाही, कृपया मृत्यूच्या नोंदीचा उतारा पाठवावा. लेंसाने खेमेन्तेतून उतारा काढला आणि पाठवला. छापलेले अंक तसेच राहणार होते, फक्त इंटरनेटवरचा लेख बदलणार होता. ते काम मंजूषाकडे आलं.

तिने मला हाक मारली. मी शेजारी खुर्ची ओढून बसले. तिने 'ज्येष्ठ पुरुष, क्रमांक तीन' असं जिथे जिथे होतं ते एकेक करून काढलं आणि नाव टाइप केलं. मी अक्षरं तपासली. बरोबर होती.

"आता झालं ना, आई?" ती म्हणाली.

"झालं," मी म्हटलं. मला मुळीच बरं वाटलं नाही, आणि मी तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, मलाही नाही.

बदललेला लेख लेंसाने भाच्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं की शाळेत वाचला, म्हाताऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि मध्ये कोणी तोडलं नाही.

गुयो दीदा हलाके १९ फेब्रुवारी २०२३ रोजी, रविवारी सकाळी, वाखनिंगनमध्ये आपल्या घरी वारले.