सात सुया, पांढरा वाडगा

बाळकुमच्या आमच्या संकुलाच्या क्लबहाऊसमध्ये त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. ऑक्टोबर संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची सातविणीची झाडं फुलांनी लगडली होती आणि त्या उग्र वासात निम्मं संकुल शिंकत होतं. शिंकणारी मंडळी नाकाला रुमाल लावून गुरुदत्तजी सुईवाल्यांसमोर बसली होती. त्यात दोन सीए होते, एक बँक मॅनेजर होता आणि डोंबिवलीच्या शाळेत माझ्या हाताखालून गेलेली किमान चार मुलं होती, आता चाळिशीची.

गुरुदत्तजींचा आवाज गोड होता. "नाक म्हणजे काय? ट्रॅफिक जाम. डॉक्टर लोक नुसता हॉर्न वाजवतात. आपण काय करतो? सिग्नल ग्रीन करतो."

मग त्या चौघांतल्याच आसावरीच्या चेहऱ्यावर आणि हातांवर तपकिरी औषधाचा बोळा फिरवून त्यांनी सात सुया टोचल्या. पंधरा मिनिटांनी काढल्या, त्याच ओल्या बोळ्याने पुसल्या आणि पांढऱ्या वाडग्यातल्या 'ऊर्जाजलात' सोडल्या. पाणी निळंकाळं झालं.

"बघा, ही तुमची अ‍ॅलर्जी. कित्येक वर्षांची साचलेली."

आठवड्याला दोन अशा एकवीस बैठका झाल्या की पाणी स्वच्छ राहणार आणि माणूस कायमचा बरा होणार. अट एकच. ज्याच्याकडे दम्याचा पंप असेल त्याने तो समोरच्या टबात टाकायचा, कारण पंपाने म्हणे ऊर्जेची वाट बुजते. कुणी पंप टाकला की टाळ्या पडत होत्या.

मी दाराशी उभा होतो. तीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलेल्या माणसाला तो रंग ओळखायला अर्धं मिनिटही लागलं नाही. तिथेच बोलायला हवं होतं. पण मला हसू आलं. या शिकलेल्या गाढवांशी कोण डोकं लावणार, असं म्हणत मी घरी आलो.

घरी प्रमोदिनीला, माझ्या बायकोला, सगळं रंगवून सांगितलं. गुरुदत्तजींची नक्कलसुद्धा केली. ती मेथी निवडत होती. हसली नाही.

"पण पाणी काळं कसं होतं हो?" तिने विचारलं.

"शाळेतल्या पोरालाही कळेल."

"मग मला सांगा की."

"सांगतो नंतर. आधी चहा टाक."

ते सांगायचं राहूनच गेलं. ती स्वतः दुपारच्या बायकांच्या बैठकीला जात होती, हे मला ठाऊक नव्हतं. तिला वीस वर्षांचा दमा. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटची पायरी, ही तिच्या माहेरची समजूत. ती मी कधी काढू शकलो नाही, कारण त्यावरही मी नुसता हसत आलो होतो.

नोव्हेंबर सरताना एका सकाळी, सहाच्या सुमारास, तिला धाप लागली. खिडकी उघडी होती आणि फुलांचा वास घरभर होता. मी कपाटाचा खण उघडला. पंपाचा खोका होता, आत पंप नव्हता. मी सगळे खण उपसले. कुठे ठेवलास, म्हणून ओरडत राहिलो आणि ती नुसती मान हलवत राहिली. रिक्षाने दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आसावरी भेटायला आली ती दारातच रडायला लागली. "सर, काकूंनी पंप टबात टाकलेला. मी होते तिथे. मीच टाळ्या वाजवलेल्या. त्या म्हणालेल्या, रिकामा खोका घरी ठेवलाय, यांना कळायला नको. बरी झाले की सांगेन. आत्ता सांगितलं तर माझीही नक्कल करतील."



जानेवारीत कोर्सचा शेवटचा दिवस होता. मी गेलो. टेबलावर दोन वाडगे होते, एक बऱ्या झालेल्यांचा आणि एक नव्यांचा. आंब्याला मोहोर आला होता, त्यामुळे नवी शिंकणारी मंडळीही हजर होती. बऱ्या झालेल्या ऋजुताच्या सुया काढून, बोळ्याने पुसून झाल्या, तसा मी पुढे झालो. तीही माझी जुनी विद्यार्थिनी.

"ऋजुता, तुझ्या सुया नव्यांच्या वाडग्यात टाक."

"सर, श्रद्धेच्या जागी असं..." गुरुदत्तजी उठले.

"टाक गं."

माझा वर्गातला आवाज ती विसरली नव्हती. तिने सुया टाकल्या आणि पाणी निळंकाळं झालं. मग पहिल्यांदाच आलेल्या मुकुलच्या, त्याच बोळ्याने पुसलेल्या सुया मी बऱ्यांच्या वाडग्यात सोडल्या. पाणी किंचित पिवळट झालं, इतकंच.

"म्हणजे एकवीस बैठका घेऊन ऋजुता आजारी, आणि मुकुल पहिल्याच दिवशी ठणठणीत," मी म्हणालो. "हा रंग माणसातून येत नाही. नव्यांच्या वाडग्यात भाताची पातळ पेज आहे आणि बोळ्यावर आयोडीन. पेजेतल्या पिष्टाला आयोडीन लागलं की रंग निळाकाळा होतो. बऱ्यांच्या वाडग्यात नळाचं पाणी आहे. ऋजुता, हे लिहून तू सातवीत दोन मार्क मिळवलेस."

ती हळू म्हणाली, "पण सर, शिंका तर खरंच थांबल्या."

मी गेटवरच्या शिवरामला बोलावलं. दिवसभर सातविणीखाली बसणारा हा वॉचमन ऑक्टोबरात सगळ्यांत जास्त शिंकायचा.

"शिवराम, तुझ्या शिंका कशाने थांबल्या? सुया घेतल्यास?"

"सुया कसल्या सर, आपल्याला कुठे टाइम आहे. डिसेंबरात फुलं गळाली, तशा बंद झाल्या."

गुरुदत्तजी पेटी आवरत म्हणाले, "काकूंचं वाईट झालं, पण त्यांनी कोर्स अर्धवट सोडला. नवव्या बैठकीला आल्याच नाहीत."

"त्या दिवशी तिला जाऊन दोन दिवस झाले होते."

दुसऱ्या दिवशी आम्ही आठ जणांनी पोलिसांत तक्रार दिली. त्या तक्रारीचं व्हायचं ते होईल. मला मात्र जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. हे सगळं समजावायला मला पाच मिनिटं लागली होती. ऑक्टोबरात, मेथी निवडणाऱ्या बाईसमोर, तेवढीच लागली असती.

सुयांनी कुणाला नाक मोकळं झाल्यासारखं वाटत असेल तर माझं त्याच्याशी भांडण नाही, तपासणारे ते तपासतील. पण चालू औषध फेकून द्या म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वाडगे बदलून बघा. ज्यांनी सुया घेतल्या नाहीत त्यांचं काय झालं, ते विचारा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप बाजूला ठेवू नका. आणि तुम्ही माझ्यासारखे जाणते असाल, तर घरातल्या माणसाला हसू नका, शेजारी बसून समजावून सांगा. हसणाऱ्यापासून माणूस गोष्टी लपवतो. एवढं मला तेव्हा कळलं असतं, तर आज या घरात आम्ही दोघं असतो.