काकूंच्या भिंतीलगतचं बीळ

आमच्या बेटावर धक्क्याशी माझं मासळीचं दुकान आहे. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचा हात आखडलाय, हे मला गिऱ्हाइकाच्या पिशवीवरून कळतं. थंडीच्या तोंडावर राखणदार काकूंची पिशवी एकदम जड झाली. घरात माणसं दोनच, काकू आणि लेक. लेक तर मासे बघून नाक मुरडणारी.

कोण आलंय, मी विचारलं.

"मांजर पाळलंय," काकू म्हणाल्या.

मी मासे तराजूत टाकले. बेटावरचं शेवटचं मांजर याच बाईने टोपलीत घालून बोटीतून हाकललं होतं, पक्ष्यांच्या बिळांत शिरून पिल्लं खातं म्हणून.

आमच्या उतारावर समुद्रपक्ष्यांची बिळं आहेत. दरवर्षी ते समुद्र ओलांडून आपापल्या बिळात परततात, एकच पिल्लू वाढवतात, चारून चारून त्याला स्वतःपेक्षा जाड करतात आणि एक दिवस मागे टाकून निघून जातात. पिल्लू उपाशी बसतं, झडतं, हलकं होतं आणि मग एकटंच उडतं. या बिळांची राखण काकूंकडे; येणाऱ्या प्रत्येकाला त्या दम भरायच्या, रडलं तरी घास टाकायचा नाही.

लेकीला दूरच्या बंदरात बोटींच्या इंजिनदुरुस्तीचं काम मिळालं होतं. पण बोट यायच्या दिवशी नेमका काकूंचा गुडघा धरायचा. एरवी त्याच गुडघ्यावर त्या अख्खा उतार पालथा घालायच्या. शेवटी तिथल्या कारखान्याने कळवलं, पुढच्या बोटीने या, नाहीतर दुसरं माणूस बघतो.

"आई जाऊ नको म्हणत नाही हो," लेक मला धक्क्यावर म्हणाली. "म्हणाली असती तर भांडले तरी असते."

त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून एक बीळ होतं. पक्षी गेले आणि आतलं पिल्लू भिंतीपलीकडून रडू लागलं. इतकी वर्षं काकूंनी ते रडणं कानाआड केलं होतं. यंदा नाही जमलं. एका दुपारी लेकीने त्यांना पकडलं, कोपरापर्यंत हात बिळात आणि शेजारी माझ्याच दुकानातली पिशवी.

"लोकांना काय सांगतेस तू, आई?"

"लोकांच्या भिंतीशी रडत नाही ते," काकू म्हणाल्या.

त्या दिवसापासून चारणं थांबलं, पण उशीर झाला होता. बाकीची बिळं रिकामी झाली, उडायला अनुकूल असलेला वारा फिरला, आणि हे आपलं गुबगुबीत पिल्लू बिळातच. शेवटी एका रात्री सरपटत कड्यापर्यंत गेलं आणि पंख पसरले. सकाळी ते खालच्या खडकांवर मेलेलं सापडलं.

बोटीच्या आदल्या दिवशी काकू दुकानात आल्या. पिशवी नव्हती. पिल्लाला त्याच बिळात ठेवून बिळाचं तोंड मातीने बुजवून आल्या होत्या. नखांत माती तशीच होती. मी मासे पुसत बसलो.

"उद्या पोरीची पेटी धक्क्यापर्यंत उतरवायला तुमचा माणूस द्याल का?"

देतो म्हटलं. मग राहवलं नाही, गुडघा कसा आहे ते विचारलं.

"त्याला काय झालंय," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या माणसाला त्यांनी परत पाठवलं. पेटीची एक कडी लेकीने धरली होती, दुसरी त्यांनी. लेकीबरोबर खाऊचा डबा दिला नव्हता. बोटीपर्यंतचा उतार त्या सरळ उतरल्या, कुठेही न थांबता.